जपानी 'गुन'चा प्रशासकीय इतिहास कसा काढावा: मित्सु-गुन, शेवटाकडून मागे

'ओकायामा-केन, मित्सु-गुन, अमुक-सोन, ओआझा तमुक.' जुन्या कोसेकीवर, म्हणजे जपानी कुटुंबनोंदणीच्या उताऱ्यावर, पत्ता असा येतो. आजच्या नकाशात ओकायामा सापडतं, मित्सु-गुन सापडत नाही. भाषांतर करणारा घाईत 'मित्सु जिल्हा' लिहून मोकळा होतो, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

पुण्यात जपानी शिकणारे आणि जपानी कागदांवर पोट असणारे कमी नाहीत, म्हणून ही रीत सविस्तर देत आहोत. नमुना म्हणून ओकायामातलाच गुन घेतला आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं, ती बाग ओकायामा शहरातली. त्या शहराच्या पोटात गेलेला हा गुन तपासायला सोपाही आहे: १९०० मध्ये झाला, २००७ मध्ये संपला.

गुन म्हणजे काय, आणि काय नाही

इंग्रजी पुस्तकांत गुनला 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात, आणि आपल्याला त्या शब्दासरशी जिल्हा आठवतो. पण जिल्ह्याच्या जवळपास काही असेल तर ते 'केन'. गुन त्याच्या खाली, म्हणून तालुका म्हणावंसं वाटतं. आकाराने ते ठीक, पण कारभाराने नाही. तालुक्याला तहसीलदार असतो, कचेरी असते, दप्तर असतं. गुनची कचेरी १९२६ मध्येच बंद झाली. त्यानंतर गुन उरला तो पत्त्यात, आकडेवारीच्या मथळ्यात आणि नकाशावर. आपल्याकडची खरी जवळची तुलना जुन्या तर्फेची: कर्यात मावळ किंवा मुठे खोरे ही नावं दप्तरात सतत भेटतात, पण त्या नावाच्या कचेरीत जाऊन आज कुणी दाखला मागत नाही. म्हणून भाषांतरात 'गुन' तसाच ठेवावा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा द्यावा. 'गुण' असं लिहू नये, न साधाच.

दुसरा फरक पुणेकरांना विशेष चकवतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, तरी जमिनीच्या कामाला तिथले लोक आजही आपापल्या तहसील कचेरीतच जातात. जपानमध्ये तसं होत नाही. 'शि', म्हणजे शहर, गुनच्या बाहेरच असतं. गुनमधलं 'चो' (मोठं गाव) किंवा 'सोन' (खेडं) शहरात विलीन झालं की त्या दिवसापासून ते गुनमधून वजा. शेवटचं चो किंवा सोन गेलं की गुन संपला. त्यासाठी वेगळा समारंभ नाही. वजाबाकी शून्यावर येते, इतकंच.

ही वजाबाकी लक्षात आली की कामाची दिशाही ठरते. गुनचा इतिहास आदिकाळापासून खाली लिहीत येऊ नये. शेवटच्या दिवसापासून मागे जावं. कारण अलीकडच्या नोंदी तारखेनिशी आणि नावानिशी पक्क्या असतात, आणि मागे जाताना प्रत्येक पायरीवर आधीची पायरी हिशेबाला येते. उलट बाजूने निघालं तर आठव्या शतकातला गुन, एदो काळातला (१६०३ ते १८६८) गुन आणि १८७८ चा गुन एकच समजून एका धाग्यात ओवले जातात. नाव एक असलं तरी हे तीन वेगळे प्राणी आहेत.

तयारी: तक्ता आणि तारखा

एक्सेलमध्ये किंवा साध्या वहीत आठ रकाने आखा: जपानी तारीख, इसवी तारीख, काय घडलं, कुठल्या प्रकारे, आधीची नावं, नंतरचं नाव, त्या दिवशी गुनमध्ये उरलेली चो-सोन, आणि नोंद कुठून घेतली. सातवा रकाना बहुतेक जण गाळतात. तोच सगळ्यात कामाचा; किराणा दुकानाच्या रोजकीर्दीत जशी शिल्लक, तसा तो. शिल्लक जुळली नाही तर वर कुठेतरी गाव सुटलेलं असतं.

नावं मूळ कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत, आणि देवनागरीत, दोन्ही लिहा. देवनागरीत जपानीतले ऱ्हस्व-दीर्घ ओकार एकसारखे दिसतात, त्यामुळे नुसत्या देवनागरीवर पुढे शोध घेता येत नाही.

जपानी वर्ष, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष, इसवीत आणायला बेरीज करायची: मेइजी वर्षात १८६७, ताइशोमध्ये १९११, शोवामध्ये १९२५, हेइसेइमध्ये १९८८. मेइजी ३३ म्हणजे १९००, शोवा २८ म्हणजे १९५३, हेइसेइ १९ म्हणजे २००७. पण ही बेरीज बिनधोक चालते ती १ जानेवारी १८७३ पासून. त्याआधी जपानमध्ये चांद्र-सौर पंचांग होतं. मेइजी ५ च्या बाराव्या महिन्याची २ तारीख झाली आणि दुसऱ्या दिवशी थेट मेइजी ६ ची १ जानेवारी उजाडली. म्हणून मेइजी ४ चा बारावा महिना बेरजेने १८७१ चा वाटतो, पण तो पूर्णपणे १८७२ मध्ये पडतो. संस्थानं मोडून केन केली तो हुकूम मेइजी ४, सातवा महिना, १४ तारखेचा. इसवीत २९ ऑगस्ट १८७१. आपल्याकडे शके आणि इसवी जुळवताना पौष-माघात जी गफलत होते, तीच ही.

पहिली पायरी: गुन नेमका कुठला

मित्सु हे नाव ज्या दोन कांजींनी लिहितात, त्याच दोन कांजींचं एक चो ह्योगो केनच्या इबो-गुनमध्ये होतं. त्याचाही उच्चार मित्सुच. ते २००५ मध्ये तात्सुनो शहरात गेलं. आइची केनच्या होइ-गुनमध्येही तीच कांजी, पण उच्चार मितो. ते २००८ मध्ये तोयोकावा शहरात गेलं. म्हणजे लिहायला एक, ठिकाणं तीन. उलटा प्रकारही आहे: ओकायामातला मिनो-गुन आणि गिफूकडचा मिनो प्रांत ऐकायला एक, कांजी निराळी. केन, गुन आणि चो या तिन्ही गोष्टी कांजीत जुळल्याखेरीज नोंद उचलू नका.

आणखी एक अडचण नावाच्या पुनरुक्तीची. मित्सु-गुनमध्ये मित्सु-चो नावाचंच एक चो होतं. चो संपलं २२ मार्च २००५ रोजी, गुन संपला २२ जानेवारी २००७ रोजी. इंटरनेटवरच्या भल्याभल्या मजकुरात या दोन तारखांची अदलाबदल झालेली असते.

दुसरी पायरी: हेइसेइ काळातली विलीनीकरणं

देशभरात ३१ मार्च १९९९ रोजी ३,२३२ शि-चो-सोन होती. ३१ मार्च २००६ ला १,८२१ राहिली, ३१ मार्च २०१० ला १,७२७. ही घाई कशाची, ते समजलं की तारखा शोधणं सोपं जातं. विलीन होणाऱ्यांना खास कर्जरोखे काढता येत: खर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज, आणि त्याच्या परतफेडीतला ७० टक्के वाटा केंद्राच्या अनुदानातून. अट अशी की ३१ मार्च २००५ पर्यंत अर्ज आणि ३१ मार्च २००६ पर्यंत विलीनीकरण. त्यामुळे ऑक्टोबर २००४ ते मार्च २००६ या दीड वर्षात तारखांचा खच आहे. गुन या काळात संपला असेल तर आधी तिथेच हात घाला.

मित्सु-गुनमध्ये तेव्हा तीन चो उरली होती: मित्सु, ताकेबे आणि कामोगावा. त्यांचा हिशेब असा:

१ ऑक्टोबर २००४: कामोगावा-चो आणि शेजारच्या जोबो-गुनमधलं कायो-चो मिळून किबिचुओ-चो झालं. नवं चो मित्सु-गुनमध्ये राहिलं नाही आणि जोबो-गुनमध्येही नाही. त्यासाठी कागा-गुन हा नवा गुन केला. शिल्लक २.

२२ मार्च २००५: मित्सु-चो ओकायामा शहरात. त्याच दिवशी कोजिमा-गुनमधलं नादासाकी-चोही आलं आणि तो गुन संपला. शिल्लक १.

२२ जानेवारी २००७: ताकेबे-चो ओकायामा शहरात, आणि अकाइवा-गुनमधलं सेतो-चोही. शिल्लक ०. एका दिवसात मित्सु आणि अकाइवा हे दोन्ही गुन संपले.

पहिल्या ओळीवर थांबण्यासारखं आहे. गुन नुसते संपतात असं नाही, २००४ मध्ये नवा गुन जन्मालाही आला. कामोगावाची 'का' आणि कायोची पहिली कांजी, जिचा 'गा' असा उच्चारही होतो, जोडून कागा. इशिकावाकडच्या प्रसिद्ध कागा प्रांताशी त्याचं नातं नाही, जरी कांजी तीच असली तरी. शिवाय कामोगावा जुन्या बिझेन प्रांतातलं, तर कायो बिच्चू प्रांतातलं. हे दोन्ही प्रांत प्राचीन किबि प्रदेश वाटून झालेले, म्हणून चोच्या नावात 'किबि' आणि 'चुओ', म्हणजे मध्य.

शेवटची ओळ कर्जरोख्यांच्या मुदतीनंतरची आहे, म्हणजे कारण निराळं असणार. मोठ्या शहरांना जपानमध्ये विशेष दर्जा मिळतो. कायद्यात त्यासाठी ५ लाख लोकसंख्या लिहिली आहे, पण त्या काळात व्यवहारात ७ लाखांच्या आसपास बघितलं जाई. ताकेबे आणि सेतो आल्यावर ओकायामा तिथे पोचलं आणि १ एप्रिल २००९ रोजी विशेष दर्जाचं शहर झालं. त्याचे चार 'कु', म्हणजे वॉर्ड, पडले: किता, नाका, हिगाशी, मिनामि. मित्सु आणि ताकेबे आज किता-कुमध्ये आहेत. कोसेकीसाठी अर्ज कुठे करायचा, या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

चौथ्या रकान्यात प्रकार लिहायचा तो दोनपैकी एक. 'शिन्सेत्सु' म्हणजे सगळे जुने रद्द होऊन नवी संस्था. 'हेन्न्यू' म्हणजे एक कायम आणि बाकीचे तिच्यात. किबिचुओ शिन्सेत्सु, ओकायामा हेन्न्यू. नावावरून प्रकार ओळखू नका. १ ऑक्टोबर २००४ चं ताकाहाशी शहर शिन्सेत्सु आहे: जुनं ताकाहाशी शहर रद्द, नवं स्थापन, नाव मात्र तेच ठेवलं.

विलीनीकरणाची सूचना 'कान्पो' या सरकारी राजपत्रात येते. ते २ जुलै १८८३ पासून निघतं. सूचनेची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी असते. तक्त्यात अंमलाची घ्या.

तिसरी पायरी: शोवा काळ, १९५३ ते १९६१

इथे गावं फार आणि चुकाही फार. चो-सोन विलीनीकरणाचा कायदा १ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला. त्या वेळी देशात ९,८६८ शि-चो-सोन होती. जून १९६१ पर्यंत ३,४७२ राहिली. ठरवलेलं माप होतं किमान ८,००० लोकवस्ती, कारण युद्धानंतर सक्तीची झालेली माध्यमिक शाळा तेवढ्या वस्तीशिवाय परवडत नव्हती.

या काळात गाव अख्खं एकीकडे जाईलच असं नाही. ओआझा (सोनच्या पोटातली जुनी गावं) फोडून अर्धं एका चोला, अर्धं दुसऱ्या शहराला, असंही झालं. नोंदीत 'इचिबु', म्हणजे 'एक भाग', हा शब्द दिसला की दोन ओळी करा. एकच केली तर शिल्लक कागदावर जुळते आणि गावाचा अर्धा भाग गायब होतो.

मोठ्या शहराशेजारच्या गुनला शोवा कायद्यानंतरही गळती लागलेली असते. इचिनोमिया-चो आणि त्सुदाका-चो ही मित्सु-गुनमधली दोन १९७१ मध्ये ओकायामात गेली. म्हणून १९६१ ते १९९९ हा पट्टा 'काही घडलं नसेल' म्हणून सोडू नका.

चौथी पायरी: १८८९ ते १९२६, गुन जेव्हा खरोखर कचेरी होता

शि आणि चो-सोन यांचे कायदे एप्रिल १८८८ मध्ये झाले, अंमल १ एप्रिल १८८९ पासून. पण केनगणिक तारीख बदलते. ओकायामात १ जून १८८९. ओकायामा शहरही त्याच दिवसाचं. पुस्तकात 'एप्रिल १८८९' असं सरसकट छापलेलं दिसलं तर केनची तारीख तपासल्याशिवाय उतरवू नका.

१८८८ च्या अखेरीस ७१,३१४ चो-सोन होती, वर्षभराने १५,८५९. माप ३०० ते ५०० घरांचं. जुनी गावं मेली नाहीत, नव्या सोनच्या पोटात 'ओआझा' म्हणून राहिली. पत्त्यात ओआझापुढे जे नाव येतं ते बहुधा एदो काळातल्या गावाचंच. आपल्या सातबारावरच्या 'मौजे'सारखं ते टिकून असतं. वरची सगळी उतरंड बदलली तरी. म्हणून जुन्या पत्त्याचा आजचा ठिकाणा लावताना गुनवरून नव्हे, ओआझावरून शोध घ्या.

गुनला स्वतःची सभा आणि अंदाजपत्रक देणारा कायदा, 'गुनसेइ', १८९० मध्ये झाला. अंमल मात्र सगळीकडे लगेच झाला नाही, कारण जुने गुन फार लहानमोठे होते आणि आधी ते एकत्र करणं भाग होतं. ओकायामात हे १ एप्रिल १९०० रोजी झालं, आणि त्याच दिवशी नव्या नावांची एक गंमत जमली. मिनो-गुनमधलं पहिलं अक्षर 'मि', त्सुदाका-गुनमधलं पहिलं 'त्सु', झाला मित्सु. अकासाका आणि इवानाशी मिळून अकाइवा. त्सु आणि कुबोया मिळून त्सुकुबो. अगा आणि तेत्ता यांचा मात्र अतेत्सु, कारण दुसरी कांजी एकटी पडली की तिचा उच्चार बदलतो. दोन्ही गुनांचा मान राहावा म्हणून केलेली ही तडजोड आहे. तिचा तुम्हाला उपयोग असा की, जोडनाव दिसलं की आधीचे दोन गुन शोधायचे हे आपोआप कळतं.

गुनसेइ १ एप्रिल १९२३ रोजी रद्द झाला: सभा गेली, अंदाजपत्रक गेलं. गुनचो हा अधिकारी आणि त्याची कचेरी १ जुलै १९२६ पर्यंत चालू राहिली. दोन्ही तारखा स्वतंत्र ओळीत लिहा. '१९२३ मध्ये गुन रद्द झाले' हे वाक्य सर्रास छापतात आणि ते चूक आहे. गुन रद्द झालाच नाही, त्याचे अधिकार दोन हप्त्यांत गेले. याच सुमारास अनेक ठिकाणी गुनच्या शिक्षणसंस्थांनी जाडजूड 'गुनशी', म्हणजे गुनची बखर म्हणा, छापून ठेवल्या. कचेरी जायच्या आधी सगळं लिहून ठेवावं, या भावनेने केलेलं काम आहे ते. आकडे आणि शाळा-रस्त्यांच्या नोंदी त्यात चांगल्या असतात. प्राचीन काळाबद्दलचा भाग मात्र अभिमानाने फुगलेला असतो, तो जपून घ्या.

पाचवी पायरी: १८७१ ते १८७८, चिखल

हा भाग लवकर आटपा. संस्थानं मोडल्यावर केनच्या सीमा दरवर्षी हलत होत्या. ओकायामा, ओदा आणि होजो हे तीन केन एक व्हायला १८७६ उजाडलं. मिनो आणि त्सुदाका सुदैवाने बिझेनमधले, म्हणजे ओकायामा केनमध्येच राहिले. बिच्चूतला गुन घेतला असता तर ओदा केनची एक ओळ वाढली असती. याच वर्षांत गुन बाजूला सारून 'मोठा वॉर्ड, छोटा वॉर्ड' अशी क्रमांकांची पद्धत लादली गेली. लोकांना ती रुचली नाही. २२ जुलै १८७८ च्या कायद्याने गुन परत आले, आणि ओकायामा शहराचा भाग मिनो-गुनमधून काढून स्वतंत्र 'कु' केला गेला. 'आधुनिक' गुनची सुरुवात हीच धरा.

सहावी पायरी: एदो काळातली गावं

या काळात गुन म्हणजे फक्त भूगोल. सत्ता दाइम्योची, म्हणजे संस्थानिकाची, हिशेब गावाचा, आणि गावाची ऐपत भाताच्या 'कोकु'त. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर. खाली तो, शो, गो, प्रत्येक दहा पटींनी लहान. आपल्या जमाबंदीतल्या आकारासारखंच: तो शेताचा खरा उतारा नव्हे, कर बसवायला धरलेला आकडा. वर्षानुवर्षं न बदललेला आकडा दिसला तर पीक तेवढंच येत होतं असा अर्थ काढू नका.

गावांची यादी मिळवायला मेइजीच्या सुरुवातीला केलेली 'क्यूदाका क्यूर्यो तोरिशिराबेचो' ही नोंद सर्वांत सोयीची. साकुरा इथल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने तिचा विदासंच सर्वांना खुला ठेवला आहे. गुनचं नाव कांजीत टाकलं की गाव, जुना मालक आणि कोकु येतात. इथला हमखास सापळा: ओळी मोजून गावं मोजू नका. एका गावाचे दोन-तीन मालक असतील तर त्याच्या दोन-तीन ओळी येतात. आधी गावाच्या नावावर एकत्र करा, मग मोजा. कोकुची बेरीज मात्र सगळ्या ओळींची.

१८३४ च्या 'तेन्पो गोचो'मध्येही गावं आणि कोकु आहेत. दोन याद्यांत गावांची संख्या जुळेलच असं नाही, कारण मूळ गावातून फुटलेली वस्ती एकीकडे स्वतंत्र धरलेली असते आणि दुसरीकडे नाही.

सातवी पायरी: प्राचीन गुन, मोजक्या ओळींत

७०१ च्या ताइहो संहितेने प्रांत, गुन, गाव अशी उतरंड ठरवली. त्याआधीही 'कोओरी' होतेच, पण वेगळी कांजी वापरून लिहीत. फुजिवारा राजवाड्याच्या उत्खननातल्या लाकडी पट्ट्यांनी ते पक्कं झालं. ७१३ मध्ये हुकूम निघाला की ठिकाणांची नावं दोन शुभ कांजींत लिहावीत. त्यामुळे एका अक्षराच्या नावांनाही दोन कांजी जोडाव्या लागल्या: 'की'चं 'कीइ' झालं, आणि वर आलेल्या 'त्सु'लाही अशाच दोन कांजी मिळाल्या. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एन्गिशिकी'त बिझेनचे गुन नावानिशी आहेत आणि त्यात मिनो, त्सुदाका दोन्ही भेटतात. एवढं पुरे. सीमा काढायच्या फंदात पडू नका. त्या काळची सीमा आजच्या नकाशावर रेघ मारून दाखवता येत नाही.

पुण्यात बसून साधनं

जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह हा मुख्य आधार. त्यात तीन प्रकार: कुणालाही उघडणारी पुस्तकं, नोंदणी केलेल्यांना घरबसल्या दिसणारी, आणि ग्रंथालयातच बघायची. मधला प्रकार जपानमध्ये राहणाऱ्यांपुरताच आहे, तेव्हा इथून नोंदणी करत बसू नका. पण पूर्णमजकूर शोध बंद पुस्तकांवरही चालतो आणि पानाचा क्रमांक कळतो. मग जपानमधल्या ओळखीच्या माणसाला नेमकं पान सांगता येतं. शोधताना केन, कु या शब्दांची जुनी रूपंही टाका. १९४५ च्या आधीच्या छपाईत जुनीच कांजी असते आणि नव्या कांजीने शोध घेतला की निम्मे निकाल सुटू शकतात.

नकाशासाठी भू-मंत्रालयाचा प्रशासकीय सीमांचा विदासंच १९२० पासूनचा मिळतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत उघडताना नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली तर फाइल बिघडलेली नसते. अक्षरसंच शिफ्ट-जिस निवडा. जुन्या आवृत्त्यांत गुन आणि विशेष दर्जाची शहरं एकाच स्तंभात असतात, म्हणून त्या स्तंभावरून गुन मोजले तर ओकायामा शहरही 'गुन' म्हणून मोजलं जातं.

पालिका संकेतांकही चांगला साक्षीदार आहे. ओकायामा केन ३३. शहर म्हणून ओकायामाचा क्रमांक ३३२०१ होता, विशेष दर्जानंतर ३३१०० आणि किता-कु ३३१०१. चो-सोनचे क्रमांक ३०१ पासून पुढे, गुनगणिक गटाने. आज वाके-चो ३३३४६, हायाशिमा-चो ३३४२३, किबिचुओ-चो ३३६८१. मधली भगदाडं दिसतात ना, तिथे गेलेले गुन होते.

लोकसंख्या देताना

जनगणना १९२० पासून, दर पाच वर्षांनी, १ ऑक्टोबरला. मित्सु-गुनची २००० ची संख्या तीन चोंची, २००५ ची फक्त ताकेबेची. दोन आकडे शेजारी ठेवले की पाच वर्षांत गुन ओस पडला असं वाटतं. माणसं होती तिथेच आहेत, पाटी बदलली. आलेख काढायचाच असेल तर २००७ च्या नव्हे, एका ठरावीक वर्षाच्या सीमा धरून सगळ्या वर्षांचे आकडे पुन्हा जुळवा, आणि कोणतं वर्ष धरलं ते आलेखाखाली लिहा.

भाषांतरात पत्ता लिहिताना

कागदावर आहे तसाच पत्ता ठेवा: ओकायामा-केन, मित्सु-गुन, अमुक-सोन, ओआझा तमुक. मूळ पत्ता 'सुधारून' ओकायामा-शि, किता-कु करू नका. कागद ज्या दिवशीचा, त्या दिवशी किता-कु नव्हताच. आजचं ठिकाण हवं असेल तर तळटीप द्या. आणि 'मित्सु-गुन म्हणजे किता-कु' असं समीकरणही करू नका. कामोगावाकडचं गाव असेल तर अर्ज किबिचुओ-चोच्या कचेरीत जातो. ओकायामात चो-सोन असे उच्चार चालतात. पूर्व जपानातल्या कागदावर त्याच कांजींचे उच्चार बहुधा माची आणि मुरा होतात, तेव्हा केन बघूनच लिहा.

कोसेकी मागवायची असेल तर दोन मर्यादा आधीच सांगून ठेवा. १८७२ ची पहिली नोंदणी १९६८ पासून कुणालाही दाखवत नाहीत. मिळते ती १८८६ च्या नमुन्यापासून पुढची. बंद झालेल्या नोंदी ठेवण्याची मुदत २०१० मध्ये ८० वर्षांवरून १५० केली, पण तोवर ज्या कचेऱ्यांनी मुदत संपली म्हणून जुने कागद नष्ट केले होते, ते परत येत नाहीत. अशा वेळी कचेरी 'नष्ट केल्याचा दाखला' देते. तोही मागून घ्या आणि फाइलला लावा.